सगळ्या गावाची भाकरी

मंडळी, आज जत्रेसाठी आंबेगाव तालुक्यातल्या माहेरी आलेय. आमच्याकडे महाप्रसादाला आमटी-भाकरी असते. आमटी देवळापाशी मोठ्या कढईत शिजते आणि भाकरी घराघरातून गोळा करतात.

लहानपणी मी त्या भाकरींच्या बैलगाडीत बसायचे. गरम फडक्यांचा तो वास अजून नाकात आहे. कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाची करपलेली, सगळ्या एका ढिगात पडायच्या. ताटात आलेली भाकरी कुणाच्या घरची, हे कुणालाच कळायचं नाही. पुण्यात मी हे किती कौतुकानं सांगते.

आज हौसेनं भाकरी गोळा करायला चुलतभावाच्या, संतोषच्या पिकअपमध्ये बसले. ओढ्यापलीकडे ठाकर आदिवासींची वाडी आहे. तिथं संतोषनं गाडी थांबवलीच नाही. वाटेतल्या बाया पोरांना घेऊन बाजूला सरल्या. गाडी थांबेल असं त्यांनाही वाटलं नसावं.

"अरे, इथल्या भाकरी राहिल्या की."

"हितल्या कधी घेत्यात व्हय, ताई? जेवायला येत्यात की समदी."

तेव्हा आठवलं, आमची बैलगाडीही इथं कधी थांबली नव्हती.

"मग आज घेऊ."

संतोष हसला. "आन समद्या एकात मिसळल्यावर कुणाची कुठली, कसं वळखायचं?"

माझंच कौतुकाचं वाक्य होतं ते.

तुमच्या गावची गाडी कुठं थांबत नाही, जरा आठवून बघा.

मी आत्ता पंगतीत बसलेय. ताटातली भाकरी कुणाच्या घरची, ते आजही माहीत नाही. कुणाच्या घरची नाही, ते मात्र पक्कं माहीत आहे.