हुंकाराची जागा

अकरावीच्या पोरींना मी ते भाषण शिकवून राहिले होते. अमेरिकेतल्या त्या काळ्या पाद्र्याचं, स्वप्नाचं, जे जगभर मुलं पाठ करतात. एक पोरगी उठून म्हणाली, “मॅम, ये एक ही बात बार-बार क्यों बोल रहे हैं?” माझं डोकंच सटकलं. “बसा खाली!” म्हणाले. पण घमापुरात घरी पोचेपर्यंत तो प्रश्न काही सुटेना, कारण खरं उत्तर मलाही धड ठाऊक नव्हतं.

घरी आई आणि मी, दोघीच. आठ महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तोंडून एक शब्द नाही. माझ्याकडे बघायची ते एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. काय बोलू? भाजीचे भाव सांगून झाले, शेजारच्या दीदीच्या चुगल्या सांगून झाल्या. तिनं एकदा फक्त मला ओळखून हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

त्या दुपारी शेवटी धडाच वाचायला घेतला. इंग्रजी तिला ओ की ठो कळत नाही, पण म्हटलं चलो, कानावर आवाज तर पडेल. कूलर बंद केला आणि पलंगापाशी बसले.

मोठ्यानं वाचताना माझं मलाच उमगायला लागलं. वाक्यामागून वाक्य, सुरुवात तीच. तेच शब्द आले की ऐकणारा सावध होतो, आता पुढे काय म्हणून वाट बघतो. दर खेपेला आवाज थोडा चढतो. आणि वाक्य संपलं की तो माणूस थांबतो. ती जागा लोकांसाठी असते. समोरची गर्दी तिथं ‘हो, हो’ करून उठते. अगं बाई, हा तर हुंकार! लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा दर वाक्याला ‘हूं’ म्हणावंच लागे. ते म्हटलं नाही की गोष्ट बंद.

मी पुढचं वाक्य वाचलं आणि त्याच्यासारखीच थांबले.

“हूं,” आई म्हणाली.

मला आधी खरंच वाटेना. आणखी एक वाचलं. “हूं.” अगदी जागेवर! मी हसून राहिले, रडून राहिले, आवाज चढवत गेले. भाषण संपलं तेव्हा घसा कोरडा पडला होता. पुस्तक मिटलं.

“हूं,” आई म्हणाली.

वाटलं, उशिरा आला असेल एखादा. मग जरा वेळानं पुन्हा. “हूं.” ती माझ्याकडे बघतच नव्हती. कपाटाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. दोन हुंकारांमधलं अंतर कधी कमी, कधी जास्त, जसं कुणी लहानमोठी वाक्यं बोलतंय. मधेच ती हसली. एकदा तिनं ‘च्च’ केलं.

“आई, काय ऐकून राहिली तू? कोण आहे?”

“हूं.”

भीती वाटत होती, खोटं काहून बोलू. पण त्याहून जास्त राग आला. आठ महिने हिचं हगणंमुतणं मी काढायचं, आणि ही हुंकार देणार भिंतीला! मी पुस्तक उघडलं आणि तीच सुरुवात जोरात म्हटली. पुन्हा म्हटली. एवढ्या गर्दीला धरून ठेवलं त्या शब्दांनी, एका म्हातारीला नाही ओढणार?

तिसऱ्या खेपेला आईनं तिचा चालता हात वर केला.

“थांब गं पोरी,” ती स्वच्छ म्हणाली. “ह्यांचं होऊ दे आधी.”

आईच्या तोंडी ‘हे’ म्हणजे बाबा. त्यांना ग्वारीघाटाच्या स्मशानात पोचवून सहा वर्षं झाली होती.

खुर्चीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पुस्तक मांडीवर धरून तशीच बसले. आठ महिन्यांनी आई माझ्याशी बोलली होती, आणि मला गप्प बस म्हणाली होती.