दल्सूचा वाकडा अँटेना

गाडीला शोभा आणायची असेल तर माणसानं गाडी धुवावी. फार तर आरशाला नवी झालर बांधावी. पण ज्याच्यावर आपला दिवस चालतो तेच उपटून द्यायचं आणि वर छाती फुगवून फिरायचं, याला काय म्हणावं? जांगथो या बाजाराच्या गावातल्या ओक दल्सूनं नेमकं हेच केलं, आणि तेही बायकोच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसाच्या आदल्याच दिवशी.

दल्सूचा धंदा म्हणजे फिरतं दुकान. छोटा निळा ट्रक, मागं तोफूचे ट्रे, खारे बांगडे, खराटे, रबरी बूट, कंबरदुखीच्या पट्ट्या आणि म्हाताऱ्या बायकांच्या फुलाफुलांच्या विजारी. डोंगरातल्या ज्या गावांत बस दिवसातून एकदा कशीबशी तोंड दाखवते, तिथं दल्सू जायचा. टपावर भोंगा होता. "तोफू आलंय हो, तोफू! गरम आहे तोवर घ्या, नंतर मला शिव्या देऊ नका!" दिवसभर असा गळा मोकळा सोडायचा आणि घरी आला की तोंडाला कुलूप. बायको माल्सुन म्हणायची, "सगळं बोलणं गिऱ्हाइकांना विकून येतात. घरी उरलंसुरलंही आणत नाहीत."

भोंगा बाहेर आणि रेडिओ आत. रेडिओ म्हणजे दल्सूचा जीव की प्राण. घरीसुद्धा जेवताना रेडिओ लागायचाच. माल्सुनला गायची भारी हौस. मुळ्याचं लोणचं घालताना, भांडी घासताना ती गुणगुणायला लागली की दल्सू आवाज वाढवायचा. माल्सुनचा नाही, रेडिओचा. एकदाच ती म्हणाली होती, "त्या रेडिओतल्या बायका काय खातात, तेवढं विचारून या एकदा."

तर त्या ट्रकचा अँटेना. दाराला लागून वर गेलेली लांब काठी होती ती. कुठल्याशा फांदीला लागून कमरेत वाकलेली, मध्ये काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दिसायला भिकार, पण खिंड असो की दरी, रेडिओ खणखणीत. परवा मान नावाच्या अंडीवाल्यानं बाजारात सगळ्यांसमोर विचारलं, "दल्सूदादा, दुकान घेऊन निघालात की मासे धरायला?" लोक खो खो हसले. दल्सूला ते लागलं.

त्याच बाजारात एक पोरगा शार्क माशाच्या पंखासारखे अँटेने विकत होता. काळेभोर, चकचकीत. "काका, सगळ्या नव्या गाड्यांना हेच असतं. नुसतं चिकटवायचं." दल्सूनं टपावर चिकटवलं. मग दोन दोन अँटेने वेडगळ दिसतात म्हणून जुनी काठी फिरवून काढली. ती टाकून देणार तेवढ्यात मिरच्या विकायला बसलेली हादोंगवाली आजी ओरडली, "टाकतोस कशाला, मेल्या? दे इकडं!" तिचं माहेर हादोंगचं, म्हणून तिच्या सासरचं, डोंगरातलं अख्खं काम्गोल गाव तिला हादोंगवाली म्हणायचं. आजी काठी घेऊन गेली. दल्सूनं रेडिओ लावला तर एकदम झकास. लागणारच की! प्रसारणाचा मनोरा जांगथोच्या मागच्याच टेकडीवर. तिथं वरणाचा डाव खोचला असता तरी रेडिओ लागला असता. पण गड्याला वाटलं, पंखाचाच प्रताप!

दुसऱ्या दिवशी सकाळी माल्सुननं त्याच्यापुढं मोड आलेल्या सोयाबीनचं सूप ठेवलं आणि म्हणाली, "अहो, आज दुपारी रेडिओ चालू ठेवा."

"बंद कधी असतो?"

"दुपारच्या गाण्यांच्या कार्यक्रमात लोक फोनवरून गातात ना, त्यात आज मी गाणार आहे."

दल्सूचा चमचा तसाच हवेत राहिला. "तू?"

"मी. काल त्यांनी फोनवर गाऊन घेतलं, म्हणाले चालेल. पण गाताना घरातला रेडिओ बंद ठेवायचा, नाही तर फोनमध्ये शिट्टी वाजते. म्हणजे मला काही माझं ऐकू येणार नाही. तुम्ही ऐका आणि कसं झालं ते सांगा." मग एप्रनला हात पुसत ती हळूच म्हणाली, "तुम्ही नाही ऐकलंत तर मी कोणासाठी गाऊ?"

"ऐकतो, ऐकतो," म्हणून दल्सू निघाला. पण माल्सुननं आजवर त्याच्याकडं असं काही मागितलंच नव्हतं. तिच्या आवाजातला तो कापरा सूर गाडी सुरू केल्यावरही त्याच्या कानात राहिला.

पहिल्या वळणावर रेडिओ खरखरला. दुसऱ्या वळणावर बातम्या देणाऱ्या बाईला खोकला झाल्यासारखं झालं. वाटेतल्या गावांत विक्री करत दुपार व्हायला आली तेव्हा खिंड ओलांडली आणि नुसतं सूं सूं. दल्सूनं गाडी थांबवली, टपावर दोन थापा मारल्या, मग सुरीनं पंख उचकटून पाहिला. आतून पोकळ! तार नाही, पत्रा नाही, काही म्हणजे काही नाही. वर चकाकी आणि खाली डिंक. "बोंबला!" दल्सू डोंगराला उद्देशून म्हणाला. जांगथोला परत जाऊन कार्यक्रमाच्या आत पोचणं शक्य नव्हतं, काम्गोल मात्र जवळ होतं. आता एकच देव आठवला, हादोंगवाली आजी.

काम्गोलच्या आधीच्या गावात बायका पातेली घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. दल्सू थांबलाच नाही. "अरे तोफू! दल्सू! गाडीला भूत लागलं की काय?" मागून एकीनं खराटा उगारला. दल्सूनं भोंग्यावर नुसतं "येतो, येतो, माफी, माफी" एवढंच सांगितलं आणि काम्गोल गाठलं.

आजी शेतात होती. राळ्याच्या पिकात तिनं काठी रोवली होती आणि तिला चमचमती फीत बांधली होती. चिमण्या शेजारच्याच्या शेतात बसून बघत होत्या.

"आजी, माझी काठी द्या!"

"दिलेलं परत मागतोस? कुत्र्याला सांगितलं तर तेही लाजेल."

"आजी, माल्सुन गाणार आहे रेडिओवर. आत्ता!"

"कोण, ती भांडी घासता घासता गाणारी? अरे मग आधी नाही का सांगायचं, टोणग्या!" आजीनं स्वतःच काठी उपटली आणि विजार सावरत दल्सूच्या पुढं धावली.

पण आजीनं काठी दगडानं ठोकून रोवली होती. आटे पार चेपलेले, माती भरलेली. दल्सूनं फिरवली, घासली, तोंडानं फुंकली. बसेना. शेवटी नुसतीच भोकावर टेकवली, तर रेडिओ एकदम बोलला. सोडली की पुन्हा सूं सूं. म्हणजे कोणीतरी धरून उभं राहायला हवं. आजी म्हणाली, "तू आत बसून नीट ऐक. मी धरते." ती उलट्या पेटीवर चढली आणि तिनं काठी दोन्ही हातांनी दाबून धरली. गडबड ऐकून चार-पाच शेजारणी जमल्या. त्या दरीत दुसरा रेडिओ लागतच नव्हता. त्यामुळं सगळ्यांचे कान त्या एका काठीला बांधलेले.

"आता आपल्याबरोबर आहेत जांगथोच्या माल्सुनबाई," निवेदक म्हणाला. "बाई, घाबरलात का?"

"नाही," माल्सुन म्हणाली. आवाज केवढा घाबरलेला!

तेवढ्यात खर्रर्र. आजीला राहवलं नव्हतं, तिनं टाळ्या वाजवल्या होत्या.

"आजी, टाळ्या नका वाजवू!" दल्सू ओरडला.

"आपल्या ओळखीच्या बाईचं नाव आलं रेडिओवर, वाजवू नको तर काय करू?" म्हणत आजीनं पुन्हा काठी धरली. आवाज आला, आजी खूश झाली, पुन्हा टाळी. खर्रर्र.

दल्सू बाहेर उडी मारून आला. "उतरा, आजी. मीच धरतो." दार सताड उघडं टाकून तो काठी धरून उभा राहिला, आणि आवाज पुन्हा लागला.

"...कोणासाठी गाणार?" निवेदक विचारत होता.

"माझे मालक ट्रकमध्ये ऐकताहेत. त्यांना रेडिओतल्या बायकांचंच गाणं आवडतं." माल्सुन जरा थांबली. "म्हटलं, आपणही एकदा रेडिओतली बाई होऊन बघावं."

निवेदक हसला. काम्गोलच्या बायका हसल्या. दल्सू हसला नाही. त्यानं काठी आणखी घट्ट दाबली. मग माल्सुन गायला लागली. बंदरावर वाट बघणाऱ्या बाईचं जुनं गाणं. दल्सूला ते भांड्यांच्या आवाजातून आणि बातम्यांच्या मागून अर्धवट माहीत होतं. आज पहिल्यांदा त्यानं ते पुरं ऐकलं. काय आवाज होता! आणि इतकी वर्षं तो याच आवाजावर गाढवासारखा बटण फिरवत आला होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पुसणार कसं? दोन्ही हात काठीला. आजी आता बिनघोर टाळ्या वाजवत होती, शेजारणी खांदे हलवत नाचत होत्या आणि दल्सू नाक ओढत काठी धरून उभा होता. गाणं संपलं, जाहिराती लागल्या, तरी त्यानं काठी सोडली नाही. आजीनंच त्याची बोटं सोडवली.

घरी पोचला तर माल्सुन दारातच. "ऐकलंत?"

"दुसऱ्या कडव्यात पहिल्याचीच ओळ म्हणालीस."

माल्सुनचा चेहरा फुलला. "म्हणजे खरंच ऐकलंत! आणि बाकी? बाकी कसं झालं?"

दल्सूनं तोंड उघडलं, पण घरातलं ते कुलूप! त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि तडक जाऊन ट्रकमध्ये बसला. भोंगा सुरू झाला.

"ऐका हो ऐका! तोफू नाही, बांगडे नाहीत, आज विकायला काही आणलेलं नाही! आमची माल्सुन आज रेडिओवर गायली. फार गोड गायली! इतकी वर्षं घरात गात होती आणि मी गाढवानं ऐकलं नाही! उद्यापासून आमच्या घरात रेडिओ बंद!"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. माल्सुन एप्रनमध्ये तोंड लपवून धावत आली. "अहो, बंद करा तो भोंगा! लाज आणली!" ती ट्रकच्या दारात उभी राहून ओरडत होती, "बंद करा म्हणते ना!" भोंग्याचं बटण तिच्या हाताशीच होतं. तिनं काही ते बंद केलं नाही.