तेलवहिनींचा पदर

आमच्या कॉलनीत कुणाला दिवस गेले की ते सासूच्या आधी तेलवहिनींना कळायचं. कसं कळायचं ते देव जाणे. कुणी भाजीवाल्याकडे कैरी जरा जास्त वेळ निवडली की संध्याकाळी वहिनी दारात हजर, पिशवीत बाटल्या किणकिणत. अभिनंदन नाही, तब्येतीची चौकशी नाही. चपला काढता काढता पहिला प्रश्न, "खाज सुटली का पोटाला?" सुटली नसेल तर त्यांच्या विचारण्याने सुटायची.

त्यांचं खरं नाव मलाही बरेच दिवस माहीत नव्हतं. माहेर-सासर दोन्ही करकंबचं, नवरा इथे सोलापुरात कुठल्याशा ऑफिसात कारकून, तीन मुलं, आणि गॅसवर कायम एक काळी कढई. करडईचं तेल, खोबरेल, चिमूटभर हळद, कापूर आणि 'आणखी एक वस्तू', जी त्या कुणालाच सांगत नसत. मी एकदा त्यांच्या ओट्याशी उभी राहून नीट पाहिलं. आणखी काहीही नव्हतं. हे रसायन औषधाच्या जुन्या बाटल्यांत भरायचं आणि पोटुशा बायकांना विकायचं. लावलं की पोटावर चरे उठत नाहीत, असा दावा. चरे म्हणजे पोट ताणलं की कातडीवर उमटतात ते जांभळे ओरखडे. आता सगळ्याजणी त्यांना स्ट्रेच मार्क्स म्हणतात. इंग्रजीत म्हटलं की लाज जरा कमी वाटत असावी. बाटल्या मात्र परत द्याव्या लागत. "रिकामी बाटली हाय का?" हे वाक्य वहिनी नमस्काराच्या जागी वापरायच्या.

नळाला पाणी येण्याचा दिवस हा त्यांचा बाजाराचा दिवस. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशी एकही बाई घर सोडून हलत नाही. हंड्यामागून हंडा लावत उभ्या असलेल्या बाईला पळून जाता येत नाही, हे वहिनींनी बरोबर हेरलं होतं. "तीन पोरं काढली मी. पोट बघशील तर वरवंट्यावानी गुळगुळीत. एक रेघ दाव, बाटली फुकट!" आता रेघ दाखवायची कशी? वहिनींच्या पदराला खांद्यावर एक पिन आणि कमरेला दुसरी, आणि मधला पदर असा ताणलेला की डासालाही आत वाट मिळू नये. ज्या मे महिन्यात सोलापूरचे पुरुष बनियनवर ओट्यावर येऊन बसतात, त्या मे महिन्यातही या बाईची पिन कधी सुटली नाही. आम्ही त्याला घरंदाजपणा समजायचो. आम्हीही धन्यच.

चरे उठायचे ते उठायचेच. पण दोष तेलाकडे कधी जात नसे. एकीने तिसऱ्या महिन्याऐवजी पाचव्यात सुरुवात केली होती. दुसरीने नखांनी खाजवलं होतं, खाजवायचं लाकडी फणीनं असतं. तिसरीने वरून खाली चोळलं, चोळायचं खालून वर. चौथी नवऱ्याशी भांडून लावायची. "रागाचं अंग तेल पीत न्हाय की!" माझ्या पोटावर चरे आले तेव्हा मी मुद्दाम जाब विचारायला गेले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तू मनापासून लावलंच न्हाईस. मास्तरीण तू, तुझा कशावर इस्वास असतो व्हय?"

मी त्यांना माझ्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं ऐकवलं. चरे यायचे असले की येतात, बऱ्याचदा आईकडूनच लेकीकडे येतात. तेलानं कातडी मऊ राहते, खाज कमी होते, बस. पुढे त्यांचा जांभळा रंग जातो आणि ते पांढरट होतात, पण पुसले जात नाहीत. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डाक्टरणीला पोरं किती?"

"एक."

"मग तिनं मला शिकवू नये."

इथपर्यंत सगळी करमणूक होती. मग माझी धाकटी जाऊ दीपा गरोदर राहिली. जेऊरकडची मुलगी, अगदी पोरसवदा, मोठ्यांनी सांगितलेलं खरं मानणारी. तिने तिसऱ्या महिन्यापासून तेल लावलं, खालून वर, नखं कापून, नवऱ्याशी न भांडता. भांडावं इतकं वजन माझ्या दिराच्या कुठल्याच बोलण्याला नाही म्हणा. आठव्या महिन्यात या गृहस्थाच्या डोक्यात मॅटर्निटी शूटचं खूळ शिरलं. दीपाला कमानीखाली उभं करून, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट घालून, उघड्या पोटावर दोघांच्या हातांचा बदाम करून फोटो काढले. तोवर तिच्या बेंबीखाली चरे उठले होते. फोटोवाल्याने विचारलंसुद्धा नाही, कॉम्प्युटरवर पुसून टाकले. "ताई, ते पुसण्यासारखं असतं हे मला तवा कळलं," दीपा मला म्हणाली. दिराने फोटो पाहून अभिप्राय दिला, "एक नंबर! आता असंच ठेव पोट." जसं काही ते तिच्या हातात होतं.

सासूबाईंनी त्यातला एक फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि तेलवहिनींना आभाळ ठेंगणं झालं. तो मोबाईलवर घेऊन त्या पार पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांपर्यंत हिंडल्या, मोडक्यातोडक्या तेलुगूत तेलाची महती सांगत. मी त्यांना जिन्यात गाठून म्हटलं, "वहिनी, तो फोटो पुसलेला आहे."

"आसंल पुसलेला. गुळगुळीत दिसतंय का न्हाय? मग!"

दीपाला मुलगी झाली. पोट उतरलं तसे चरे आणखीच उठून दिसायला लागले. तिने साडी सोडली, ढगळ गाऊनमध्ये राहू लागली. लेकीला पाजतानाही आतून कडी लावायची. नवरा समोर आला की ओढणी शोधायची. दिवसातून चार-चारदा ते तेल चोळून कातडीवर पुरळ उठलं, तरी चोळायची थांबेना. मी तिला जवळ घेऊन समजावलं, माझ्या पोटावरचे चरे दाखवले. ते पाहून ती म्हणाली, "पण ताई, तुम्ही मनापासून लावलं नव्हतं ना."

हे वाक्य कुणाच्या कढईतून आलं होतं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला वहिनींचा मनापासून राग आला. ही पोर स्वतःच्याच अंगाला गुन्हेगार समजून बसली होती, आणि तिला तसं पटवणारी बाई खाली नळावर नव्या गिऱ्हाइकाला तिचाच फोटो दाखवत होती.

सव्वा महिन्याने झालेल्या बारशाला दीपाच्या माहेरून इरकल साडी आली. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. त्यात वहिनींची तीन पोटुशी गिऱ्हाइकं होती, खास 'फोटोतलं पोट' बघायला आलेली. दीपा साडीची घडी मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली ती उठेचना. दीर दारातून डोकं घालून म्हणाला, "साडी जरा वर नेस म्हणजे झालं. फोटोत पोट दिसायला नको." एवढी मदत करून तो बाहेर गेला. सासूबाई बाहेरूनच गरजल्या, "वहिनींच्या तीन पोरांत एक रेघ न्हाई, आन् हिचे एकीतच किती नखरे!" आणि समजूत काढायला त्यांनी वहिनींनाच आत धाडलं.

"चल की पोरी, पाळणा खोळंबलाय," वहिनी म्हणाल्या.

दीपाने वर पाहिलं. "वहिनी, तुम्ही सांगितलं तसंच मी सगळं केलं. खाजवलं नाही, भांडले नाही. तुमच्या तीन पोरांत एक रेघ नाही. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, मग येते."

वहिनींनी तोंड उघडलं. कारण त्यांच्याकडे असणारच, कधी नव्हतं असं झालं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, आता ही बाई फणीबद्दल बोलली तर हिला बारशातून हाताला धरून बाहेर काढायची.  पण वहिनींनी कमरेची पिन काढली, मग खांद्याची, आणि पदर बाजूला केला.

वरवंटा कसला, नुकताच टाकी लावलेला पाटा होता तो. बेंबीपासून दोन्ही कुशींपर्यंत नुसते चरे, पांढरट, सुरकुतलेले, एकात एक गुंतलेले.

"बघ," त्या म्हणाल्या. "तुझं काय चुकलं न्हाय. मीच लबाड बोलले. तेलानं खाज थांबती, रेघा जात न्हाईत. तुझ्या जांभळ्या हायत त्या पांढऱ्या हुतील, तेवढंच."

दार उघडंच होतं. दारात सासूबाई आणि त्यांच्यामागे माना लांब करून त्या तिघी पोटुशा. वहिनींनी त्यांना पाहिलं. मला वाटलं, आता पदर ओढतील. त्या तशाच दाराकडे वळल्या. "तुमी बी बघून घ्या. परत दावणार न्हाय."

दीपाने एकदा त्यांच्या पोटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नाक पुसत हसली. कित्येक दिवसांनी हसली. मग इरकल नेसली, सगळ्या बायका नेसतात तशी. बाहेर दीर पुटपुटला, "अगं, पोट..." तर म्हणाली, "मग काढू नका फोटो." ते ऐकून मला जे सुख झालं ते सांगून कळणार नाही.

वहिनींचा धंदा घुगऱ्या संपायच्या आत बुडाला. "मला आधीपासून संशय होताच," असं म्हणणाऱ्या बायका एकाएकी इतक्या निघाल्या की तेल आजवर घेत तरी कोण होतं, असा प्रश्न पडावा. त्यांतल्या बऱ्याचजणी आता दुकानातून महागडं क्रीम आणतात. त्याच्या डबीवरही एक गुळगुळीत पोट छापलेलं असतं. त्या पोटाबद्दल कुणाला संशय येत नाही.

वहिनी सुधारल्या असं मी म्हणणार नाही. महिन्याभरात तेच तेल त्याच बाटल्यांतून गुडघेदुखीवर मिळू लागलं. "माझं गुडघं बघा की, घोडीवानी!" असं म्हणत त्या कठड्याला धरून जिना चढायच्या.

नवरा निवृत्त झाल्यावर त्या करकंबला परत निघाल्या. खाली टेम्पो भरत होता. मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, "वहिनी, त्या दिवशी दार तरी लावून घ्यायचं. धंदा वाचला असता."

त्या कढई पोत्यात बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या थोरल्याच्या बारशाला मी बी अशीच आत बसले हुते. सासू म्हणली, पोट नीट झाकून ये, न्हायतर येऊ नगंस. मग बसूनच ऱ्हायले. पाळणा हलला, नाव ठिवलं, बाया जेवून गेल्या. आत कुणी आलंच न्हाय."

 वहिनींनी डोळे वगैरे पुसले नाहीत. पदराची पिन चाचपली, टेम्पोत पुढे चढून बसल्या आणि खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाल्या, "रिकामी बाटली हाय का गं?"