शहादेव गुरुजींचे दोन बटाटे

शहादेव गुरुजींना एकच खोड होती. प्रयोग दाखवल्याशिवाय विज्ञान शिकवायचं नाही, आणि पोरांना प्रश्न विचारल्याशिवाय गप्प बसायचं नाही. म्हणून तर सात वर्षं झाली तरी माणूस हंगामीच! शाळा चेअरमनसाहेबांच्या संस्थेची, आणि साहेबांना बोलके मास्तर खपत नसत. गावाबाहेरचा सहकारी साखर कारखानाही साहेबांच्याच हातात होता.

त्या साली पावसानं असा दगा दिला की टँकर आला की बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. कारखान्याभोवतीचा ऊस मात्र हिरवागार, कारण कालव्याचं पाणी तिकडंच वळवलेलं.

अशात साहेबांचा निरोप आला, सोमवारी वर्ग बघतो, पसंत पडला तर कायम करतो. गुरुजींनी परासरण निवडलं. बटाटा कोरून त्यात मीठ भरायचं, बटाटा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा. ताटलीतलं पाणी बटाट्यातून झिरपत मिठाकडं जातं. पण साहेबांनी साखरेची पिशवीच धाडली. "मीठ कशाला? आपल्या कारखान्याची साखर वापरा की!"

साखर आणि पाणी! गुरुजी पिशवी घेऊन तसेच घरी गेले.

"सांजच्या भाजीचे बटाटे हायेत, न्या," सत्यभामा नवऱ्याला म्हणाली. "पर तोंड आवरा. औंदा कायम न्हाई झालात तर मी चालले माहेरी."

सोमवारी सकाळीच दोन बटाटे दोन ताटल्यांत ठेवले. एकात साखर, दुसरा रिकामा. दुपारी साहेब आले तोवर साखरेचा खळगा काठोकाठ भरलेला, ताटलीतलं पाणी उतरलेलं. रिकामा बटाटा कोरडा तो कोरडाच.

"पाणी कुठं गेलं?" गुरुजींनी विचारलं आणि जीभ चावली.

"साखरेकडं!" अख्खा वर्ग ओरडला.

"आणि या दुसऱ्यात?" आता हे विचारायची काही गरज होती का? पण खोड ती खोड.

"ठणठणाट!"

गेली नोकरी, असं म्हणत गुरुजींनी डोळे मिटले. तर साहेबांच्याच टाळ्या!

"वा मास्तर! जिथं साखर, तिथं पाणी! लई भारी! आजपासून तुमी कायम." साहेबांनी सगळ्या शाळेसमोर शब्द दिला आणि 'जिथं साखर, तिथं पाणी' हे वाक्य कारखान्याच्या फाटकावर हातभर अक्षरांत रंगवूनही घेतलं.

पुढच्या आठवड्यात टँकर फिरकलाच नाही. मग काय, गावातल्या बाया रिकामे हंडे घेऊन फाटकावर. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? सत्यभामा!

"पाणी हितं हाय म्हणून तुमीच लिव्हलंय, सायेब. भरा हंडे."

साहेबांनी गुरुजींना बोलावून घेतलं. "मास्तर, हे यांना तुमी शिकवलं?"

नाही म्हटलं असतं तर सुटले असते. कायम केल्याचा हुकूम अजून हातात पडायचा होता. गुरुजींनी बायकोकडं बघितलं. तोंड आवरा म्हणणारी ती बाई हंडा वाजवत उभी होती, आणि गुरुजींना तिचा असा अभिमान वाटला की भीती कुठल्या कुठं पळाली.

"मीच शिकवलं, साहेब. साखर तुमची होती."

बाया खदाखदा हसल्या. साहेबांना नळ सोडावा लागला.

शब्द चारचौघांत दिलेला, त्यामुळं हुकूमही आला. शहादेव गुरुजी कायम. विज्ञान मात्र काढून घेतलं होतं, बदल्यात चित्रकला दिली होती.

"बरं झालं," सत्यभामा म्हणाली. "चित्राला तोंड नसतं."

गुरुजींनी मान डोलावली. पहिल्याच तासाला ते खडू घेऊन उभे राहिले आणि काही एक न बोलता फळ्यावर दोन बटाटे काढले, एक भरलेला, एक कोरडा. पोरं ओरडली, "गुरुजी, आमचं गाव कोरडं!"