बापाच्या इंजिनावरचा आळ

मी कोळ्याच्या घरात जन्मलो आणि मला होडी लागते. खाडीचं तोंड ओलांडलं की पोटातलं सगळं वर. त्यामुळे आमच्या वाटण्या लहानपणीच झाल्या: समुद्र दादाकडे, किनारा माझ्याकडे. जाळी सांधायची, होडी रंगवायची आणि संध्याकाळी जेटीवर बसून लोकांना गोष्टी सांगायच्या. तिसऱ्या कामाचा मला फार गर्व.

त्या वर्षी पावसाळा सरताना मी होडीला असा निळा रंग दिला की शेजारच्या होड्या आजारी दिसायला लागल्या. तीन हात, तळापासून वरपर्यंत. पुनवेला नारळ सोडला, आईने इंजिनाला हळदकुंकू लावलं. ते इंजिन वडिलांनी बसवलेलं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी पहाटे इंजिनाचा आवाज आला की आई अंथरुणातूनच म्हणायची, “निघाले.”

पहिल्याच फेरीहून होडी दुसऱ्या होडीच्या दोराला बांधून आली. खाडीत इंजिन हळू होतं तोवर ठीक चाललं. बाहेर वेग वाढवल्यावर तापलं, धूर आला आणि जाम झालं. वारा वाढलेला, किनारा दिसत नव्हता. दादा आणि पाच खलाशी दोन तास तसेच लाटांवर आपटत होते.

मिस्त्रीने इंजिन खोललं. “पिस्टन, लायनर नवीन टाकू,” तो म्हणाला. “पन ब्लॉकला, इंजिनाच्या अंगालाच, बारीक चीर हाय. वेल्डिंग मारून देतो, गॅरंटी झीरो. नायतर नवीन बसवा.”

“वेल्डिंग मार,” मी म्हणालो. “बापाचं इंजिन हाय.”

“तुला काय, तू वाळूत बसनार,” दादा म्हणाला. “म्हातारं झालं ते. दगा दिला त्यानं.”

आई दारात उभी होती. ते ऐकून ती आत गेली.

संध्याकाळी ओहोटीला मी एकटाच होडीकडे गेलो. ती वाळूत कलून पडली होती. इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी तळाच्या एका पत्र्याच्या जाळीतून आत जातं. ती जाळी निळीशार होती. खिळ्याने टोकरलं तर भोकातून रंगाची साय निघाली. वीसेक भोकांतली चार उघडी, बाकी सगळी माझ्या तीन हातांनी बुजलेली.

मग आठवलं. वडील गेल्यापासून तळाला रंग यंदाच लागला होता. ते रंगवण्याआधी प्रत्येक भोकात आगपेटीची काडी खोचायचे आणि रंग वाळला की उपटायचे. लहानपणी काड्या मीच हातात द्यायचो.

खिळा माझ्या हातात होता. दहा मिनिटांत सगळी भोकं मोकळी झाली असती आणि कुणाला कळलं नसतं. वर सांगायला मी एखादी झकास गोष्टही रचली असती. भरतीचं पाणी घोट्याला लागेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग दादाला हाक मारली.

तो उकिडवा बसला. एकेका भोकावरून बोट फिरवलं.

“काड्या?”

“इसरलो.”

“मंजी त्यानं दगा न्हाय दिला.” मग म्हणाला, “पाच मानसं व्हती माझ्यासंगं.”

तरी माझी आशा सुटेना. “आता तरी दुरुस्त करूया? त्याची चूक न्हाय.”

“चूक कोनाची बी असू दे, चीर तिथंच हाय. तिच्या भरवशावर मी कोनाला बाहेर न्हेनार न्हाय.” तो उठला. “नवीन बसवायचं. पन आयला तू सांग. आनि जेटीवर बी सांग. रोज लय मोठ्या गोष्टी सांगतोस ना.”

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “म्हंजे ते बरं व्हतं,” एवढंच म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

जेटीवर मी नेहमीसारखी हातवारे करून सुरुवात केली. निळ्या रंगावर सगळे हसले. काड्यांपर्यंत आलो तेव्हा माझे हात मांडीवर आले होते आणि कुणी हसत नव्हतं. इंजिन म्हातारं नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी किनाऱ्यावर गेलो. चार होड्यांच्या तळाशी माणसं वाकून जाळीची भोकं बघत होती. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. एकाने नुसता मागे हात केला, आणि मी त्या हातात खिशातला खिळा दिला.