डावं की उजवं

वयाने माझ्याहून थोडीच लहान असलेली एक मिनीबस घेऊन मी तिचं चाकांवरचं घर केलं आहे. आत पलंग आहे, शेगडी आहे, खिडक्यांना बायकोच्या जुन्या साडीचे पडदे आहेत. पण पुढचं एक चाक गुरगुरू लागलं आणि बायकोने जाहीर केलं, "हे थांबलं नाही तर हे घर विकून टाका. मी आपली एसटीनं फिरीन."

मालेगावच्या मिस्त्रीने गाडी चालवून एक चक्कर मारली आणि मोठ्या दिमाखात उजव्या चाकावर बोट ठेवलं. मीही जाणकारासारखी मान हलवली.

"डावं हाय," बायको म्हणाली. "गाडी उजवीकडं वळली का जास्त बोंबलते. तवा वजन डाव्यावर येते."

"तुमाले कसं कळलं, वहिनी?"

"वीस वर्सं पिठाची चक्की चालवली. बेरिंग गेल्याचा आवाज मले झोपेतबी कळते."

मिस्त्रीने हसत हसत डावं चाक उघडलं. बेरिंग जळून निळं पडलं होतं. त्याचं हसणं थांबलं. नव्या बेरिंगमध्ये त्याने तळहाताने ग्रीस दाबून भरलं, ते बसवलं आणि चाक फिरवलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आयका बरं, वहिनी."

तिने कान लावला. नाटकाच्या तिसऱ्या घंटेलाही मी इतका गप्प बसलो नसेन.

"राहू द्या घर," ती म्हणाली. "पण उजवंबी बदला. तेबी त्याच वयाचं हाय."

मिस्त्रीने जॅक उजवीकडे नेला. पाना घेऊन मी त्याच्यामागे गेलो.