चौथ्या मजल्यावरच्या हौसाक्का

हौसाक्का दारापुढं उभ्या राहिल्या की आधी उजवा अंगठा पदराला पुसायच्या, त्यावर फुंकर घालायच्या आणि मग कुलपावरच्या काचेला टेकवायच्या. लाल दिवा लागायचा. पुन्हा पुसणं, पुन्हा फुंकर, पुन्हा लाल दिवा. पाचव्या खेपेला कुलूपच रुसायचं आणि काही वेळ कुणाचंच ऐकायचं नाही.

आमची पहिली भेट अशाच एका रुसव्यात झाली. वरव्याजवळ हायवेलगत नव्या इमारती झाल्या, त्यात मी फ्लॅट घेतला होता. एका संध्याकाळी भोरहून, ऑफिसातून परतले, तर समोरच्या दाराशी चपलांच्या कपाटावर एक म्हातारी बाई बसलेली. कचऱ्याची पिशवी ठेवायला ती दुपारी बाहेर आली होती आणि मागं दार आपोआप लागलं होतं.

"कुणाकडं आलात?" मी विचारलं.

"हितंच ऱ्हाते की. पर दार म्हनतंय, तू कोन."

मी त्यांना घरात नेलं, चहा दिला. त्यांनी अंगठा माझ्यापुढं धरला. ओढ्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत, एक रेष उरली नव्हती. "धोंडं, दोर, राख. सगळं गेलं झिजून. रेशनच्या दुकानातबी मशीन वळखायचं न्हाई मला. पर तितला मानूस वळखायचा."

वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या उतारावर पाच-सहा घरांची त्यांची वस्ती. उभा जन्म शेळ्यांमागं गेला. नवरा वारला तरी त्या एकट्याच राहत होत्या. मग एका पावसाळ्यात घसरडीवर पाय सरकला, मनगट मोडलं आणि अर्धा दिवस त्या ओढ्याकाठी पडून राहिल्या. मुलगा संपत आणि सून, दोघंही इथल्या कारखान्यांत कामाला. संपतनं शेळ्या चुलतभावाकडं सोपवल्या आणि आईला चौथ्या मजल्यावर आणलं.

संपतचं घर मोबाईलवर चालायचं. दिवे, पंखे, दार, सगळं. हॉलच्या कोपऱ्यात कॅमेरा होता आणि त्यातून जेवणाच्या सुट्टीत संपतचा आवाज यायचा, "आई, गोळी घेतलीस का?" हौसाक्का त्या कोपऱ्याकडं तोंड करून डोक्यावर पदर घ्यायच्या आणि "घेतली" म्हणायच्या. पोटच्या पोरापुढं पदर कशाला, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "आवाज त्याचा हाय. बघतंय कोन, ते कुनाला ठावं."

हाताला घड्याळ होतं. काळीज किती वेळा उडालं, पावलं किती पडली, सगळं संपतला कळायचं. "शेळीच्या गळ्यात आमीबी घंटी बांधतो," त्या म्हणायच्या. "पर शेळी रानात सोडतो, मंग बांधतो. घरात कोंडून घंटी कोन बांधतं?" हे त्या हसत म्हणायच्या. मीही हसायचे.

एका दुपारी त्या खाली उतरल्या, फाटकाबाहेर पडल्या आणि सर्व्हिस रोडनं चालू लागल्या. पलीकडच्या पडीक रानात कुणाच्या तरी शेळ्या दिसल्या होत्या, एवढंच कारण. वॉचमननं कारखान्याच्या गेटवर कळवलं. संपत काम टाकून धावत आला, तेव्हा त्या हायवेच्या कडेला ट्रक जायची वाट पाहत उभ्या होत्या. त्या रात्री तो माझ्याकडं आला.

"मॅडम, मी दार आतूनही बंद ठेवणार आहे. आम्ही कामावर असलो की मूठ फिरणार नाही. ओढ्याकाठी पडली होती तशी ती मला अजून दिसते. तुम्ही समोर आहातच. जरा लक्ष ठेवाल?"

मी म्हणाले, ठेवीन.

त्यानंतर सकाळी निघताना मी दाराबाहेरून हाक मारायचे, "आक्का, येते हं." आतून "या" असं यायचं. सुरुवातीला लगेच यायचं. मग उशिरानं येऊ लागलं. बाल्कनीला जाळी बसली होती. कधी खालून वर पाहिलं तर त्या जाळीशी दिसायच्या, तोंड तोरण्याच्या दिशेला. तिथून तोरणा दिसत नव्हता. समोरची इमारत दिसायची. बोटं जाळीत अडकवून त्या तासन् तास तिच्याकडंच पाहायच्या. मी मान खाली घालून स्कूटर काढायचे.

एक दिवस मी रजेवर होते. अकराच्या सुमाराला समोरचं दार वाजलं, आतून. "बाई, हायसा का? दूध उतू गेलं, शेगडी इझली. वास मारतोय. बटन म्या बंद केलंया, टाकीबी बंद केली. खिडकी उघडली. पर डोकं गरगरतंय."

मूठ मी हातानं हलवली, खांद्यानं दार रेटलं. संपतला फोन लावला. कामाच्या जागी मोबाईल नेऊ देत नसत, तो गेटवरच्या खणात वाजत राहिला. शेवटी कंपनीच्या गेटवर फोन करून निरोप दिला. त्यानं तिथूनच मोबाईलवरून दार उघडायचा प्रयत्न केला. पण रस्त्याच्या खोदाईत आमच्या इमारतीची इंटरनेटची तार सकाळीच तुटली होती. कुलपाला एक साधी किल्लीही होती, पण ती त्याच्या खिशात होती. "निघालो," एवढंच म्हणाला.

मी फरशीवर बसले. दाराखालच्या फटीतून चार बोटांची टोकं बाहेर आली. मी त्यांवर हात ठेवला.

"बोलत राहा, आक्का."

त्या बोलत राहिल्या. एके साली वस्तीवर बिबट्या आला होता. नवरा वेल्ह्याला गेलेला. त्या दोन रात्री खोपटात होत्या, सतरा शेळ्या आणि त्या. बाहेर तो कुडाला अंग घासत फिरायचा.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. पर असं न्हवतं झालं." मग म्हणाल्या, "तवा दार म्या लावलं हुतं."

पाऊण तासानं संपत आला. किल्ली घालताना त्याला भोक सापडेना. दार उघडलं, तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, चेहरा पांढरा. तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला.

"तुजी माया म्हाईत हाय मला, लेकरा. पर पडून मरायचं भ्या तुला हाय. मला न्हाई. मला हितं बसून मरायचं भ्या हाय."

त्यानं डोकं वर केलं, तोंड पुसलं. मग म्हणाला, "कधी निघायचं?"

रविवारी त्यांना पोचवायला मीही गेले. वेल्ह्याच्या बाजारात गाडी थांबली, संपत सामान घ्यायला आणि गाडीवाला चहाला उतरला. गाडीत आम्ही दोघीच होतो. इतके महिने जे गिळलं होतं, ते तेव्हा तोंडातून आलं.

"आक्का, तुम्हाला कोंडतात हे मला माहीत होतं. संपतनं मला विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते."

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. एसटी लागली होती, माणसं चढत होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मला बी ठावं हुतं, तुमाला ठावं हाय म्हनून. रोज सकाळी वाटायचं, आज तरी काय बोलत्याल."

संपत पिशव्या घेऊन आला. त्यांनी सरकून त्याला जागा करून दिली.